पश्चिमेची भिंत

खोबरेल तेल चोवीस अंशांच्या आसपास गोठतं. पौषातल्या सकाळी पालघरजवळच्या माहीमच्या घराघरांत तेलाच्या बाटल्या पांढऱ्या होतात आणि वेणी घालायला बसलेल्या पोरी त्या उन्हात नेऊन ठेवतात. राऊतांच्या स्वयंपाकघरातली बाटली कधीच पांढरी झाली नाही. लहानपणी पारूला त्याचा अभिमान वाटायचा. रत्नाकाकी भारीतलं तेल आणते, असं ती शाळेत सांगायची. पुढे भौतिकशास्त्र शिकली तेव्हा कळलं की तेलात काही विशेष नव्हतं. विशेष होती ती पश्चिमेची भिंत. हातभर जाड, काळ्या दगडाची, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही खिडकी नसलेली. दुपारभर ती ऊन पीत असे आणि रात्रभर तेच ऊन स्वयंपाकघरात सोडत असे.

आज, संक्रांतीनंतरच्या रविवारी, पारूने फडताळावरची बाटली उचलून तिरकी केली. तेल पाण्यासारखं या बाजूचं त्या बाजूला गेलं. बाहेर विहिरीच्या कठड्यावरचं दव अजून सुकलं नव्हतं.

"काय बघतेस?" रत्नाकाकीने विचारलं. ती उकडहंडीच्या मडक्यात कोनफळाच्या फोडी रचत होती आणि मधूनमधून पदराने कपाळ पुसत होती. पौषात.

"काही नाही. इंग्लंडात माझी बाटली सहा महिने दगड होऊन बसली होती. चमच्याने खरवडून तेल काढायचं."

"मग डोक्याला काय लावलंस?"

"काहीच नाही."

"तरीच केसांची अशी शेपटी झाली." काकीने पुढे वाकून वालपापडी मडक्यात टाकली. डाव्या हातावरचा पदर सरकला आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा गुळगुळीत, फिकट डाग दिसला. तिने तो लगेच झाकला.

गेल्या वैशाखात भाकऱ्या करता करता ती तव्यावरच कोसळली होती. पालघरच्या डॉक्टरांनी हाताला मलम दिलं आणि बाहेर येऊन तिच्या नवऱ्याला, बळवंतकाकांना सांगितलं की हाताचं काही नाही, हात बरा होईल; पण पुढचा वैशाख यांनी या खोलीत काढला तर मला बोलवायला येऊ नका, उपयोग नाही. काकांनी मान हलवली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पारू ट्रेनिंगला विलायतेला चाललीच आहे. हे घर ज्यावरून बांधलं ते साहेबाचं मूळ घर तिला बघून येऊ दे. मग भिंतीचं ठरवू."

आईवडिलांमागे पारूला रत्नाकाकीने वाढवलं होतं. अणुवीज केंद्राच्या प्रयोगशाळेत नोकरी लागून ती तारापूरच्या वसाहतीत राहायला गेली त्या दिवशी काकी फाटकापर्यंत आली आणि म्हणाली होती, "खोलीला खिडकी आहे ना? मग झालं."

आणि आता परत येऊन पंधरवडा उलटला तरी पारू आजपर्यंत माहीमला फिरकली नव्हती. सर्दी झाली आहे, असा निरोप तिने पाठवला होता. सर्दी खरी होती; कारण खरं नव्हतं. साहेबाच्या घरात तिने जे पाहिलं त्यातल्या दोन गोष्टींनी काकांचं मन दुखावणार होतं आणि एका गोष्टीने कदाचित काही सुटणार होतं. कुठली आधी सांगायची, हे तिला ठरवता येत नव्हतं.

पाणी आणायला ती विहिरीवर गेली तेव्हा बळवंतकाकांचा धाकटा भाऊ पंढरीकाका तिथे टपूनच बसला होता. तो बोईसरच्या कारखान्यात फिटर होता. सुट्टीच्या दिवशीही त्याच्या खिशाला पाना अडकवलेला असे.

"काय मॅडम, कधी सांगणार विलायतेची कहाणी?"

"जेवणाआधी सांगते. साखरआत्या येऊ दे."

"ती येणार म्हणून तर इथं थांबलोय." त्याने आवाज खाली आणला. "हे बघ पारू. बोईसरला मी खोली बघून ठेवलीये. वैशाखाच्या आत गोजरा आणि पोरांना घेऊन जाणार. या भट्टीत पोरं वाढवायची नाहीत मला. पण वहिनीचं काय? दादा हलला नाही तर वहिनी हलणार नाही. आणि दादा काही हलत नाही."

"ठाऊक आहे."

"मग तू एकच सांग. तिकडं त्या भिंतीला चांगल्या चार खिडक्या आहेत म्हण. समुद्रावर उघडणाऱ्या."

"तिकडे समुद्र नाही, काका."

"तळ्यावर उघडणाऱ्या म्हण! कोण जातंय बघायला? पासपोर्ट आहे का कुणाकडं?"

पारूला हसू आलं, पण तिने मान हलवली. "जे बघितलं तेच सांगणार. नाहीतर उद्या त्या खिडकीखाली बसून काकी मला विचारेल, कशी होती गं तिथली खिडकी? तेव्हा काय सांगू?"

"म्हंजे नाही तिथं खिडकी." पंढरीकाकाने तिच्याकडे निरखून पाहिलं.

पारूने घागर उचलली.

घराला सगळं गाव 'विलायत' म्हणत असे. पालघरहून येणारी एसटी बागेच्या कोपऱ्यावर थांबली की कंडक्टर ओरडायचा, "विलायतवाले उतरा!" पारूचे आजोबा धर्माजी तरुणपणी पालघरच्या बंगल्यात एका रेल्वेच्या साहेबाकडे माळी होते. साहेबाच्या थोरल्या भावाला गरम देशातली झाडं लावायचा नाद होता. त्याच्या काचघरासाठी साहेबाने धर्माजीला जहाजात बसवून इंग्लंडला पाठवलं. वेदरस्टो नावाच्या त्या जुन्या घरात धर्माजी चार वर्षं राहिले. परत आले ते डोक्यात अख्खं घर घेऊन. पानमळ्याच्या मिळकतीवर त्यांनी माहीमच्या वाडीत तसंच घर उठवलं: उतरतं छप्पर, धुराडं, दिवाणखान्यात शेकोटी आणि एका अंगाला बिनखिडकीची भिंत. शेकोटीत कधी जाळ झाला नाही. भाद्रपदात तिच्यात गणपती बसायचा, एरवी नारळ ठेवायचे. जाताना धर्माजींनी बळवंतच्या हातावर तुळशीपत्र ठेवलं आणि वचन घेतलं. साहेबाचं घर पाचशे वर्षं हाय तसं हाय. ह्या घराला पहार लावायची नाय. इथली चूल तिथं न्यायची नाय.

साखरआत्या केळव्याहून आली तीच मुळी फाटकातून बोलत. "पारे, राणी भेटली का गं?"

"नाही भेटली, आत्या."

"मग सहा महिने काय केलंस तिथं?" धर्माजींची ही थोरली लेक. तिने अंगणात चपला काढल्या, पाय धुतले आणि दिवाणखान्यातल्या उंच पाठीच्या खुर्चीवर बसून मांडीवर पानाचा डबा उघडला. त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसत नसे.

सगळे जमले. बळवंतकाका मळ्यातून आले होते. बोटं हिरवी, धोतराला माती. ते शेकोटीजवळ जमिनीवरच टेकले. पंढरीकाका दाराला रेलून उभा राहिला, गोजराकाकी त्याच्या पायाशी. रत्नाकाकी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली, एक कान मडक्याकडे ठेवून.

"आधी फाटक सांग," आत्या म्हणाली. "बाबा सांगायचे, हत्ती जाईल एवढं."

"फाटक मोठं आहे. पण बंद असतं. शेजारी लहान दार आहे. तिथे तिकीट काढून आत जायचं."

"कसलं तिकीट?"

"घर बघायचं."

आत्याचा अडकित्ता सुपारीवर तसाच राहिला. "घराचं तिकीट? सर्कस हाय का ती?"

पारूने ठरवलं होतं की थांबायचं नाही. दुखणारं एकदम सांगून मोकळं व्हायचं. "छप्पर गळतं, आत्या. एवढं मोठं घर सांभाळायचं तर पैसा लागतो. म्हणून उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत रविवारी लोकांना आत सोडतात. मी गेले तो शेवटचा रविवार होता. मग हिवाळाभर बंद. खोल्यांना दोरी बांधलेली. दोरीच्या अलीकडून बघायचं, खुर्चीवर बसायचं नाही. तिकीट फाडायला एक म्हातारी बाई बसली होती. स्वेटरच्या कोपराला भोक."

"नोकरीण असंल."

"मालकीण. त्या थोरल्या साहेबाची नात. मागच्या दोन खोल्यांत राहते, एका कुत्र्याबरोबर. बाकी घर थंड पडतं म्हणून बंदच असतं."

पंढरीकाका मोठ्याने हसला. "ऐकलंस दादा? पाचशे वर्षांचा राजवाडा आणि मालकीण मागच्या खोलीत कुत्र्यासंगं! आपण बरं मग. आपण निदान सगळ्या खोल्यांत उकडून घेतो."

"तू गप," गोजराकाकीने त्याच्या पायाला चिमटा काढला.

पारूचं लक्ष बळवंतकाकांकडे होतं. ते बोटावरचा पानाचा डाग अंगठ्याने घासत होते. जो डाग कधी जात नाही तो. मग त्यांनी वर न बघता विचारलं, "शेकोटी?"

"आहे. आपल्यासारखीच. वरच्या दगडातली वेलबुट्टीसुद्धा तशीच, काका. मी हात लावून बघितलं. डाव्या कोपऱ्यातलं फूल आपल्या फुलासारखंच खाली वाकलंय."

"वाकलंय?" काकांनी मान वळवून आपल्या शेकोटीकडे पाहिलं. "मला वाटायचं, पाथरवटाचा हात चुकला."

"चुकला नाही. आजोबांनी तसंच बघून आणलं होतं."

त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. पारूला जरा धीर आला. "फक्त तिथे गणपती नव्हता. कुत्रा झोपला होता."

"शिव शिव!" आत्या म्हणाली, पण तीही हसली. मग तिने पानाला चुना लावला आणि कुणी तोंड उघडण्याआधी मुद्द्यावर आली. ती उगीच केळव्याहून आली नव्हती. "आता ते सांग. त्या भिंतीला खिडकी हाय का?"

पंढरीकाकाने दाराची चौकट धरली.

"नाही," पारू म्हणाली.

"एक पण नाय?"

"एकही नाही."

"झालं!" आत्याने डब्याचं झाकण आपटलं. "बाबा बोलले ते खोटं नव्हतं. बळवंता, आता कुणी तुज्या डोक्याशी कटकट करायची नाय. पाचशे वर्षं त्यांना वारा लागला नाय आणि तुमाला लागतो!"

"तिथं बर्फ पडतो, ताय!" पंढरीकाका ओरडला. "त्यांना वारा नकोच! पारू, मी सांगत होतो तुला, सांगत होतो..." आणि तो पाठ फिरवून अंगणात जायला निघाला.

त्याला थांबवलं ते रत्नाकाकीने. "भाऊजी, आत या. जेवायची वेळ झाली. झालं ना आता? साहेबाच्या घराला खिडकी नाही, आपल्याही नाही. ह्यांनी शब्द दिलाय. तो मोडून मिळालेला वारा मला नको."

"वहिनी, अहो, तुमच्यासाठीच चाललंय हे!" गोजराकाकीचा आवाज चढला. घरात ती कधी इतकं बोलत नसे. "आम्ही काय, जाऊ बोईसरला. मागं कोण राहणार या चुलीपाशी?"

"माझ्यासाठी कुणी घर फोडू नका."

"बघा, तीच नाय म्हणते," आत्या म्हणाली. "शहाणी हाय रत्ना."

पारूने पाहिलं, काकी हे कुणावर उपकार म्हणून बोलत नव्हती. नवऱ्याला चारचौघांत कोंडीत पकडलेलं तिला बघवत नव्हतं, एवढंच. आणि तेच सगळ्यात कठीण होतं. जिच्यासाठी भांडायचं तीच समोरच्या बाजूला जाऊन बसली होती.

बळवंतकाकांनी हात वर केला.

"पारू, ती भिंत कुठल्या अंगाला आहे?"

हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नसता, असं पारूला वाटलं. "उत्तरेला, काका. तिकडे सूर्य कायम दक्षिणेकडून फिरतो. उत्तरेच्या भिंतीवर हिवाळ्यात ऊन येतच नाही, नुसता बोचरा वारा. म्हणून त्या अंगाला खिडकी ठेवत नाहीत."

"आणि समुद्र?"

"कितीतरी लांब."

"आजोबांनी आपली भिंत पश्चिमेला कशी घातली मग?" गोजराकाकीने विचारलं.

"रस्ता," काका हळू म्हणाले. "आपला रस्ता पूर्वेला. त्यांनी दर्शनी बाजू रस्त्याकडं घेतली. तिथं दर्शनी बाजूच्या पाठीमागं बिनखिडकीची भिंत होती, इथंही ठेवली. समुद्राकडं." त्यांनी हाताने पश्चिमेची भिंत दाखवली. "त्यांनी घर आणलं. दिशा आणली नाही."

"दिशा कुटलीबी असू दे," आत्या म्हणाली, पण मघासारखं जोरात नाही. "बाबांनी बांधली ती बांधली. त्यांच्या हातची हाय."

आता उरलेली गोष्ट सांगायला हवी होती. पारू आत्याच्या खुर्चीपाशी जाऊन जमिनीवर बसली.

"आत्या, त्या भिंतीला बाहेरून एक काचघर टेकलंय. दर्शनी बाजूला काच नको म्हणून मागे सावलीतच बांधलेलं."

"बाबांचं! तिथंच काम करायचे ते. सांगायचे, काचेत बसलं की माहीमात बसल्यासारकं वाटतं."

"अजून आहे ते. मी आत गेले. अननसाची दोन झाडं होती, केळ होती आणि कोपऱ्यात एक वेल, काठीवर चढवलेला. पान बघितलं आणि थांबले. एक तोडून चुरगळलं, वास घेतला. नागवेल होता."

काका सरळ होऊन बसले.

"मालकीणबाई मागून आल्या. मला वाटलं, पान तोडलं म्हणून रागावतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तिथल्या माळ्याला हाक मारली आणि विचारलं, 'धर्माजीला पाणी घातलं का?'"

स्वयंपाकघरातून मडक्यातली खदखद ऐकू येत होती.

"बाबांना?" आत्याने विचारलं.

"वेलाला. वेलाचं नाव त्यांनी धर्माजी ठेवलंय. त्यांच्या आजोबांपासून तेच चालत आलंय. मी म्हटलं, मी त्या धर्माजीची नात. तेव्हा त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. मागच्या खोलीत नेऊन चहा दिला. खुर्चीवर बसवलं. तिथे दोरी नव्हती."

आत्याच्या हातातलं पान अर्धं दुमडलेलं होतं. तिने ते तसंच डब्यात ठेवलं. "रोज पाणी घालतात?"

"रोज."

"सत्तर वर्षं एक वेल नाही टिकत," बळवंतकाका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मळ्यातला झाला. "त्यांनी उतरवला असेल. दरवर्षी उतरवल्याशिवाय नाही टिकत."

"दरवर्षी उतरवतात. आजोबांनी शिकवलं त्या माळ्याला, त्याने पुढच्याला."

ही गोष्ट या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. पानवेल वर चढत जातो आणि बुडाशी उघडा पडतो. तो आधारावरून सोडवून खाली घ्यायचा, उघडा दांडा वेटोळं करून मातीत पुरायचा, शेंडा तेवढा वर ठेवायचा. त्या पुरलेल्या दांड्याला नवी मुळं फुटतात. ज्याचा हे करायला जीव होत नाही त्याचा वेल वर हिरवा दिसतो आणि खालून वाळतो.

"पण थंडी?" काकांनी विचारलं. "बर्फात पानवेल? काचेनं भागणार नाही. मुळं काळी पडतील."

"पडायचीच. आजोबा होते तोपर्यंत ते पोती गुंडाळायचे, तरी दर हिवाळ्यात वेल जमिनीपर्यंत जळायचा आणि वसंतात बुडातून फुटायचा. आजोबा परत आले त्या वर्षी मोठी थंडी पडली. मालकीणबाईंच्या घरात ही गोष्ट अजून सांगतात. थोरले साहेब म्हणाले, माणूस गेला, आता वेल तरी जाता कामा नये. काचघराच्या पलीकडेच त्यांचं स्वयंपाकघर. तिथे पाणी तापवायचा मोठा बंब. साहेबांनी गवंडी बोलावले, भिंत फोडली आणि बंबाचा नळ भिंतीतून काचघरात नेला. वेलाच्या मुळापाशी."

"भिंत फोडली?" पंढरीकाका दारातून पुढे आला.

"तीच भिंत?" आत्या.

"तीच. भोक आहे अजून. माणूस रांगत जाईल एवढं. मी हात घालून बघितलं. नळ गरम होता."

"बाबांना हे ठाऊक होतं?" काकांनी विचारलं.

"नाही, काका. ते निघून आल्यानंतरचं आहे. त्यांना कुणी कळवलं नाही. मालकीणबाईंना मी सांगितलं की तुमच्या घराला कुणी कधी हात लावला नाही, याचा आमच्या घरी मान आहे. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, माझ्या घराला हात न लावलेली एकही पिढी नाही. शेकोटीसुद्धा मुळात दुसऱ्या खोलीत होती."

पंढरीकाका या वेळी हसला नाही. तो येऊन थोरल्या भावाशेजारी जमिनीवर बसला.

साखरआत्या उंबऱ्याकडे बघत होती. तिथे रत्नाकाकी पदराने गळा पुसत होती. तिच्या कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं. दिवाणखान्यात बाकी कुणाला घाम नव्हता.

"एका पानवेलासाठी," आत्या म्हणाली. "वेलाला थंडी वाजते म्हणून साहेबानं भिंत फोडली." मग तिने हाक मारली, "रत्ने, इकडं ये. तो हात का झाकतेस सारका? मघापासून बघते."

"काही नाही, ताई."

"दाव."

रत्नाकाकीने हात पुढे केला. आत्याने पदर मागे सारला. तिचं खडबडीत बोट त्या डागावरून कोपरापर्यंत गेलं आणि परत आलं.

"कवा झालं हे?"

"वैशाखात. चक्कर आली जरा."

"जरा?" पंढरीकाका म्हणाला. "डॉक्टर काय बोलला ते सांगा ना, वहिनी."

"मला कुणी सांगितलं नाय," आत्या म्हणाली. तिने एकेकाकडे बघितलं. "आठ महिने झाले. मला वाटलं, पंढऱ्याच्या बायकोला हवा पायजे म्हणून नाटकं चाललीत."

"वाटलंच मला," गोजराकाकी पुटपुटली. आत्याने ते ऐकलं आणि ऐकून घेतलं. हेही या घरात पहिल्यांदाच झालं.

"मीच म्हटलं, तुम्हाला कळवू नका," रत्नाकाकी म्हणाली. "तुम्ही धावत आला असता."

"आलेच असते! मग?"

बळवंतकाका उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. ते स्वयंपाकघरात गेले. काही न ठरवता सगळे त्यांच्या मागून गेले, आत्यासुद्धा खुर्ची सोडून. खोली लहान नव्हती, पण सगळे आत आल्यावर कोंडल्यासारखी वाटली. काकांनी पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवला. बाहेर दुपारचं ऊन नुकतं तिच्यावर यायला लागलं होतं.

"मी मुद्दाम पारूवर ढकललं," ते भिंतीकडेच बघत म्हणाले. "तुम्हाला वाटलं असेल, म्हातारा अडून बसला. पारू निघाली त्या दिवसापासून मी मनात म्हणत होतो, तिथं खिडकी असू दे. एक तरी असू दे. बाबांच्या हातात हात दिला तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. या भिंतीच्या पलीकडं समुद्र आहे, हे काय मला कळत नव्हतं? पण हातावर तुळशीपत्र होतं. कुणीतरी येऊन माझा हात सोडवायला हवा होता."

"बाबांनीच सोडवला की," आत्या म्हणाली. "रोज पाणी पितात तिथं, त्या भोकापाशी बसून."

कुणीतरी हसलं. बहुतेक गोजराकाकी. मग पंढरीकाका हसला. पारूला एकदम भूक लागली. मडक्यातून ओव्याचा आणि शिजलेल्या कोनफळाचा वास येत होता.

काका चुलीपाशी वाकले. कडेचा विझलेला कोळसा त्यांनी उचलला आणि बायकोसमोर धरला. चारचौघांत त्यांनी तिच्याशी असं थेट कधी बोललेलं पारूने ऐकलं नव्हतं.

"कुठं पाहिजे? मार रेघ."

रत्नाकाकीने आधी आत्याकडे पाहिलं. आत्याने मान डोलावली. मग तिने कोळसा घेतला आणि ओट्याच्या वर एक लहानसा चौकोन काढला. एखादा दिवा ठेवायचा कोनाडा असावा तेवढा.

"वहिनी, यातून मांजरसुद्धा जायचं नाही!" गोजराकाकी म्हणाली.

काकी जरा थांबली. तिने तळहाताने तो चौकोन पुसून टाकला. काळ्या दगडावर काळा डाग राहिला. मग ती दोन पावलं बाजूला सरकली, चवड्यांवर उभी राहिली आणि हात पोहोचेल तिथून रेघ खाली ओढायला सुरुवात केली. रेघ कमरेपाशी थांबेल असं सगळ्यांना वाटलं. ती थांबली नाही. काकी वाकली, बसली आणि रेघ जमिनीला टेकवली. मग दुसरी, तिच्यापासून दोन हात लांब.

"हे दार झालं," आत्या म्हणाली.

"हो." रत्नाकाकीने वर पाहिलं. हात कोळशाने काळे, कपाळ घामाने ओलं. "भाकऱ्या झाल्या की बाहेर जाऊन बसेन म्हणते. घटकाभर."

बळवंतकाका त्या दोन रेघांकडे बघत राहिले. पानमळ्यात वेलाच्या बुडाशी बसून, सोडवायची गाठ कुठली हे बघताना ते जसे बघत, तसे.

"उतरवू या," ते म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा बोलले. "पंढरी, उद्या सकाळी गवंड्याला घेऊन ये. ही भिंत फोडायची."